मधला 'य', मधला 'ओ' आणि तुमचा 'दुधोमीटर'

चिकोडीजवळ तुमचं फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, मराठी-कन्नड-इंग्रजी तिन्ही बोर्ड तुमच्याच हातून जातात, आणि तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. कन्नडात 'मने'ला, म्हणजे घराला, 'इंद' लावला की 'मनेयिंद', म्हणजे घरातून, होतं, तर हा 'य' कुठून उपटला? मराठीत 'घोडा'चं 'घोड्यावर' होतं, त्यातला 'या' म्हणजे तोच का? 'स्पीडोमीटर'मधला 'ओ' याच जातीचा का? या मधल्या अक्षरांना काही अर्थ असतो का? आणि सगळ्यात शेवटी खरी अडचण: दुधातलं पाणी ओळखणारं यंत्र विकणाऱ्या एका गिऱ्हाइकाला बोर्डावर 'दुधोमीटर' हवंय, ते करून द्यावं की नको?

मी व्याकरणाची प्राध्यापक नव्हे. तीसेक वर्षं बेळगावात बसून कन्नड दस्तांची मराठी आणि मराठी दस्तांची कन्नड भाषांतरं करते, मधल्या वेळात छापखान्यांची प्रुफं तपासते. त्यामुळे माझं उत्तर त्या टेबलावरचं आहे. तुम्ही तिन्ही एका ओळीत ठेवलीत, तिथंच खरा गुंता आहे. शब्दाच्या मधोमध येणारी अक्षरं दिसायला सारखी असतात, पण कामं निरनिराळी करतात. कुठलं अक्षर कशासाठी आलंय हे ओळखलं की पुढचं सोपं जातं. हे मी स्वतः चुकून शिकले.

सुरुवातीच्या काळात एका जुन्या कन्नड खरेदीखताचं भाषांतर करत होते. चतुःसीमेत 'केरेय होल' असं होतं. होल म्हणजे शेत हे मला ठाऊक होतं. 'केरेय' हे त्या शेताचं नाव असावं असं धरून मी बिनधास्त लिहिलं, 'पूर्वेस केरेय नावाचे शेत'. वकिलांच्या कारकुनानं कागद वाचला आणि हसू दाबत म्हणाला, "अक्का, केरेय न्हवं, केरे. तळं की हो! त्यो 'य' शेताचा न्हवं, जिभंचा हाय." मी तो कागद परत घेतला आणि लिहिलं, 'तळ्याचे शेत'. लिहिता लिहिता लक्षात आलं की माझ्या मराठी शब्दातही एक 'य' आहे. केरे-य, तळ्या-चे. दोन भाषा, एकच अर्थ, दोन्हीकडे 'य'. आणि तरी हे दोन 'य' एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

कन्नडातला आधी घेऊ. 'केरे'च्या शेवटी ए आहे, षष्ठीचा प्रत्यय आहे अ. दोन स्वर एकमेकांना भिडले की बोलताना मध्ये अडखळायला होतं. ए म्हणताना जिभेचा पुढचा भाग आधीच वर असतो, तिथून पुढच्या स्वराकडे घसरताना वाटेत 'य' आपोआप होतो. 'गुरु'ला 'अन्नु' हा द्वितीयेचा प्रत्यय लावताना ओठ उ-साठी गोल झालेले असतात, म्हणून तिथं 'व' होतो: गुरुवन्नु. कन्नड शाळेत याला यकारागम आणि वकारागम संधी म्हणून शिकवतात, तुम्ही कॉलेजात कन्नड घेतलं होतं म्हणता तर हे नाव कानावर असेल. तेराव्या शतकातल्या केशिराजाच्या 'शब्दमणिदर्पण'पासून कन्नड व्याकरणात संधीचा बारकाईनं विचार झालाय. लोप, आगम, आदेश ही नावं संस्कृतातून घेतलेली, पण ज्या सवयीला ती दिली ती सवय कन्नडची स्वतःची. 'सगळं संस्कृतातून आलंय' असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर नाव आणि वस्तू यांत एवढा फरक करा.

'आगम' हा शब्द मला फार आवडतो. संस्कृत शिकवणारे शास्त्री सांगतात, आदेश शत्रूसारखा आणि आगम मित्रासारखा. आदेश येतो तो आधीच्या अक्षराला उठवून त्याच्या जागी बसतो. कन्नडात 'मळे' म्हणजे पाऊस आणि 'काल' मिळून 'मळेगाल', म्हणजे पावसाळा, होतं, तिथं 'ग'नं 'क'ला हाकललं. आगम येतो तो कुणालाही न उठवता शेजारी बसतो. 'मनेयिंद'मधला 'य' तसा. 'मने' शाबूत, 'इंद' शाबूत.

आता मराठीतला. 'घोड्या', 'तळ्या', 'घरा', 'शाळे', 'भिंती' यांना आपण सामान्यरूप म्हणतो. घोडा-वर थेट जोडता येत नाही, आधी घोड्याला जोडण्यायोग्य रूपात आणावं लागतं. हे रूप जिभेच्या सोयीसाठी आलेलं नाही. प्राकृतातल्या षष्ठी-चतुर्थीच्या जुन्या रूपांचा हा झिजून उरलेला भाग आहे असं भाषेचे अभ्यासक सांगतात. एके काळी त्याला 'चा', 'ला' असा स्वतःचा अर्थ होता. तो झिजला, मग नवे 'चा', 'ला', 'वर' बाहेरून लावावे लागले, आणि जुना प्रत्यय नुसता सांधा म्हणून मध्ये राहिला.

हे मान्य करायला माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, करून बघा. 'मने'ला स्वरानं सुरू होणारा प्रत्यय न लावता व्यंजनानं सुरू होणारा लावा. मनेगे, म्हणजे घराला. मनेगळु, म्हणजे घरं. 'य' गायब! दोन स्वरांची टक्करच नाही, तर मध्यस्थ कशाला? आता 'घोडा'ला व्यंजनवाले प्रत्यय लावा: घोड्याला, घोड्याचा, घोड्यावर, घोड्याखाली. 'या' हलत नाही. कन्नडचा 'य' शेजारी कोण येतंय ते पाहून येतो. मराठीचा 'या' हा त्या शब्दाच्याच घरातला, पाहुणा कोणीही येवो. मला तरी गेल्या तीस वर्षांत याहून सोपी परीक्षा सापडलेली नाही.

कन्नडातही आपल्या सामान्यरूपासारखं काही नाही असं मात्र समजू नका. 'मर' म्हणजे झाड. मरवन्नु म्हणताना 'व' येतो, पण मरदिंद, मरदल्लि म्हणताना 'द' येतो. तो 'द' काही जिभेच्या घसरगुंडीतून आलेला नाही, कारण त्या टक्करीसाठी 'व' पुरला असता. म्हणजे एकाच शब्दात दोन्ही जातींचे सांधे. म्हणून कन्नडातून मराठीत गावांची, शेतांची नावं आणताना आधी शेवटचा प्रत्यय सोलायचा, मग सांधा सोलायचा, आणि आत जे उरतं ते नाव. 'अथणिय' नव्हे, अथणी. 'गोकाकद' नव्हे, गोकाक. असे 'द' आणि 'य' चिकटलेले बोर्ड मी आपल्या भागात पाहिलेत, कुठले ते सांगत नाही.

आता तुमच्या धंद्याच्या अगदी जवळची गोष्ट. कन्नडातला 'व' मराठी बोलण्यातही येतो, फक्त आपल्या लेखनाला तो मान्य नाही. 'जाऊन', 'देऊन', 'येऊन' मोठ्यानं म्हणा. ऊ-साठी ओठ गोल होतात आणि अर्धवट 'व' ऐकू येतो. म्हणून निम्म्या फ्लेक्सवर 'येवून भेट द्या', 'सोबत घेवून या' असं छापलेलं असतं. हा कानाचा प्रामाणिकपणा आहे, पण शुद्धलेखनात चूक. मग 'ठेवून', 'जेवून', 'लावून' का बरोबर? तिथं 'व' धातूतच आहे. कुणाला हुकूम सोडून बघा: ये, जा, दे, घे, यांत व नाही, म्हणून येऊन, जाऊन, देऊन, घेऊन. ठेव, जेव, लाव, शिव. यांत आहे, म्हणून ठेवून, जेवून, लावून, शिवून. दुकानात संगणकाशेजारी चिकटवून ठेवा.

तसंच ऱ्हस्व-दीर्घाचं. 'गुरु' हा तत्सम शब्द समासात पहिला आला की ऱ्हस्व राहतो: गुरुपौर्णिमा, गुरुदक्षिणा. एकटा आला किंवा प्रत्यय लागला की मराठीत दीर्घ: गुरू, गुरूला. कवी, कवीला, पण कविसंमेलन. जुलै महिन्यात 'गुरूपौर्णिमा' छापलेले इतके फ्लेक्स लागतात की मी वर बघायचंच सोडलंय.

दोन जाती झाल्या: जिभेच्या सोयीसाठी आलेले आणि झिजलेल्या प्रत्ययाचे अवशेष असलेले. दुसऱ्या जातीची गंमत अशी की एकदा डोळा बसला की ती जिथंतिथं दिसायला लागते. 'युधिष्ठिर' घ्या. 'युधि' म्हणजे युद्धात, चक्क सप्तमी, आणि पुढे 'स्थिर'. समासात पहिल्या पदाची विभक्ती जायला हवी, ती इथं गेली नाही. पाणिनीनं अशा न गेलेल्या विभक्तींसाठी सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादाच्या आरंभी वेगळं प्रकरणच घातलंय, 'अलुगुत्तरपदे'. आपल्या 'दिवसेंदिवस'मधला 'ें' हाही जुना विभक्तिप्रत्यय. 'कोहिनूर'मधला 'इ' फारसी इजाफत: कोह म्हणजे डोंगर, नूर म्हणजे तेज, आणि मधला 'इ' म्हणजे 'चा', फक्त आपल्या उलट क्रमानं. आणि जुने जमिनीचे कागद पाहिले असतील तर 'मौजे येळ्ळूर' असतं, 'मौजा येळ्ळूर' नसतं. 'मौजे', 'कसबे', 'किल्ले' यांच्या शेवटचा ए त्याच इजाफतीची खूण मानतात. आपल्या आजोबांना फारसी येत नव्हती, पण सातबाऱ्यावर ती गुपचूप बसली होती.

जर्मन लोकांनी या सांध्याला जे नाव दिलंय त्यात 'फूगं' हा शब्द येतो. विटांच्या मधल्या दरजेलाही ते फूगंच म्हणतात. आपला गवंडी दरजा भरतो तशा ते शब्दांतल्या दरजा भरतात, कधी स घालून, कधी न, कधी एर. त्यांच्या वाढदिवसाचा शब्द 'गेबुर्ट्स्टाग'. गेबुर्ट म्हणजे जन्म, टाग म्हणजे दिवस, मध्ये स. हा स षष्ठीचा दिसतो, पण गेबुर्ट स्त्रीलिंगी आणि जर्मन स्त्रीलिंगी नामाला षष्ठीत स लागतच नाही! म्हणजे प्रत्यय एके ठिकाणी झिजून सांधा झाला आणि मग सांधा म्हणून जिथं त्याचा हक्क नव्हता तिथंही बसला. अवशेषाची सवय होते ती अशी.

'किंडरगार्टन' आपल्याकडे केजी होऊन गल्लोगल्ली आहे. किंड म्हणजे मूल, किंडर म्हणजे मुलं. बागेत पुष्कळ मुलं, तेव्हा अनेकवचन ठीक. पण त्यांच्या बाबागाडीलाही 'किंडरवागन' म्हणतात, आणि त्यात बहुधा एकच पोर झोपलेलं असतं. हसायला जाऊ नका, आपला 'घोडेस्वार' कितीशा घोड्यांवर बसतो?

घोड्यावरून आठवलं, मराठी समासात तर एकाच शब्दाचे तीन सांधे चालतात. घोडदौड, घोडेस्वार, घोडागाडी. पहिल्यात शेवटचा आ कापला, दुसऱ्यात ए केला, तिसऱ्यात होता तसा ठेवला. पाण्याचंही तसंच: पाणवठा, पाणपोई, पाणकोंबडी, पण पाणीपट्टी, पाणीपुरवठा, पाणीटंचाई. साधारण असं दिसतं की जुने, घरगुती समास कापून जोडलेले असतात आणि कचेरीत किंवा वर्तमानपत्रात जन्मलेले नवे समास पहिला शब्द अख्खा ठेवतात. साधारण, असं म्हणतेय. नियम म्हणून कुणाला सांगितलात तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी उलट उदाहरण घेऊन दुकानात येईल. अर्थही सांध्यावरून ठरत नाही. 'घोडचूक'मधला घोडा चार पायांचा नाही, नुसता मोठेपणा सांगतो.

आता तिसरी जात, तुमचा 'ओ'. हा ग्रीकचा. ग्रीकमध्ये पुष्कळ नामांच्या मूळ अंगाच्या शेवटी ओ होता, हिप्पो म्हणजे घोडा त्यातलाच, म्हणून हिप्पोपोटॅमस, नदीतला घोडा. अशा शब्दांची इतकी गर्दी की ज्यांच्या शेवटी ओ नव्हता त्यांनाही समासात तो लावायची पद्धत पडली. म्हणजे हा ना जिभेचा आगम, ना विभक्तीचा अवशेष. हा साच्याचा ओ. संस्कृतात त्याचा भाऊ आहे, पण तो इतका सवयीचा की आपल्याला दिसत नाही: 'अश्व'च्या शेवटचा अ. अश्वमेधातला तो अ आणि हिप्पोपोटॅमसमधला ओ हे एकाच मूळ स्वराचे. म्हणून संस्कृतातून नवे शब्द घडवताना मधला स्वर बाहेरून आणावा लागत नाही. ताप-मापक, दुग्ध-शाला; अ आधीच आत आहे. मराठीनं मात्र तो बोलण्यातून घालवलाय. 'घरकाम' आपण घर्-काम असंच म्हणतो, लिहितो फक्त पूर्ण अक्षर. कन्नडला उलट व्यंजनावर थांबायला आवडत नाही, म्हणून तिकडे बसचं 'बस्सु' आणि कारचं 'कारु'.

रशियनमध्येही असाच ओ आहे. 'समोवार' हे चहाचं भांडं ऐकलं असेल: सम म्हणजे स्वतः, वार म्हणजे उकळणं, मध्ये ओ. आपोआप उकळणारं. मऊ व्यंजनापुढे तिथं ओ-ऐवजी ए येतो, म्हणजे साच्याचा स्वरसुद्धा जिभेशी थोडी तडजोड करतोच.

हा ओ कधी गळतो हे बघायला दवाखान्यांचे बोर्ड उत्तम. 'गॅस्ट्रोस्कोपी'त ओ आहे, कारण पुढे व्यंजन. 'गॅस्ट्रायटिस'मध्ये नाही, कारण पुढे स्वर आला. इथवर कन्नडच्या लोपसंधीसारखंच, ऊरु म्हणजे गाव, त्याला सप्तमीचा अल्लि लावला की ऊरल्लि. पण 'गॅस्ट्रोएन्टरायटिस'मध्ये पुढे ए असूनही ओ राहतो, कारण तिथं दोन अवयवांची नावं जोडायची असतात आणि डॉक्टर मंडळी ती अंगं स्पष्ट दिसावीत म्हणून ओ पाळतात. असे बोर्ड करताना डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्पेलिंग अक्षर न् अक्षर उतरवा, कानावर जाऊ नका.

आणि आता दूध. दूध संकलन केंद्रावर जो काचेचा लॅक्टोमीटर दुधात सोडतात, तो शब्दच मुळात भेसळीचा आहे. लॅक्ट लॅटिन, ओ ग्रीक, मीटर ग्रीक. शुद्ध ग्रीक हवं तर दुधाला 'गॅलॅक्ट' म्हणावं लागेल, तोच आकाशगंगेच्या गॅलेक्सीतला. दुधाची भेसळ पकडणाऱ्या यंत्राच्या नावातच भेसळ, यावर डेअरीवाल्यांना कधी कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. 'स्पीडोमीटर'मध्ये तर स्पीड हा अस्सल इंग्रजी शब्द, त्याला ओ-ची काहीच गरज नव्हती. पण तोवर इंग्रजी कानाला 'ओमीटर' हा एकच तुकडा वाटायला लागला होता. हेलिकॉप्टरचंही तसंच झालं: मूळ जोड 'हेलिको' आणि 'प्टर' अशी, पण लोकांनी ती 'हेली' आणि 'कॉप्टर' अशी फोडली आणि हेलिपॅड करून मोकळे झाले. सांधा एका विटेला चिकटून दुसऱ्या भिंतीत गेला.

तेव्हा 'दुधोमीटर' अशुद्ध म्हणून नाकारायला मला तोंड नाही. जी चूक इंग्रजीनं केली तीच तुमचं गिऱ्हाईक मराठीत करतंय. गमतीचं, लक्षात राहणारं नाव हवं असेल, बाजारात आठवड्याला शंभर शेतकरी हसून वाचावेत असं वाटत असेल, तर द्या करून. पण दोन गोष्टी त्यांच्या कानावर घाला. एक, ऐकणाऱ्याला 'मीटर' म्हटलं की दूध किती लिटर ते मोजणारं यंत्र वाटेल, आणि हे यंत्र तर पाणी ओळखतं. दोन, शेजारी कन्नड बोर्ड असणारच, आणि तिथं दूध म्हणजे 'हालु'. 'हालोमीटर' कोणाला कळणार? मराठीचा विनोद कन्नडात उतरत नाही. प्रत्येक भाषेनं आपापल्या शब्दाला आपापला सांधा लावावा, तो उचलून दुसरीकडे नेला की हटकून गळतं.

माझ्यापुरतं विचाराल तर मी 'दूधपारखी' सुचवेन. दूध हा शब्द अख्खा ठेवलाय, पाणीपट्टीसारखा; मध्ये काही घालायची गरज नाही, आणि यंत्र काय करतं तेही नावात आलं. सरकारी योजनेतलं अनुदान वगैरे असेल आणि कागदोपत्री नाव भारदस्त हवं असेल तर 'दुग्धपरीक्षक'. 'दुधपरीक्षक' करू नका, अर्धं घरचं अर्धं पोथीतलं वाचताना खटकतं. हे शेवटचं मात्र माझ्या कानाचं मत, नियम नव्हे. 'रेल्वेस्थानक' याहून धेडगुजरी आहे आणि मजेत चाललंय.

जाता जाता गावाच्या नावाचं, कारण बोर्डावर पत्ता येणारच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे. नावाच्या वादात मी इथं शिरत नाही, फक्त सांध्याचं सांगते. 'बेळगाव' लिहिलंत तर बेळगावात, बेळगावला. 'बेळगावी' लिहिलंत तर बेळगावीत. कन्नड बोर्डावर बेळगावियल्लि, कारण तिकडे इ आणि अ यांच्यामध्ये य हवाच. मराठीत 'बेळगावीयात' असं लिहिलेलं एक प्रूफ परवाच माझ्याकडे आलं होतं. तो कन्नडचा 'य' आणि मराठीचा 'आत' असे दोन्ही एकाच शब्दात. लाल पेनानं गोल केला आणि परत पाठवला. तुमच्या दूधपारखीचं प्रूफ तयार झालं की छापण्याआधी एकदा 'येवून'साठी शोध लावून बघा.